बांधकामाच्या नकाशात मुलांची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ या व्याख्यानमालेचं पुष्प दरवर्षी गुंफलं जातं, त्या बाईंनी सारी हयात नगरपालिकेच्या शाळेत काढली. पटावर नाव आहे पण वर्गात दिसत नाही, अशा मुलांना शोधायला त्या संध्याकाळी वस्त्यांवर जात, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. मी शिक्षक नाही, स्थापत्य अभियंता आहे. माझी नोकरी पाया खणून घेण्यात, स्लॅब ओतून घेण्यात आणि ठेकेदारांची बिलं तपासण्यात गेली. तेव्हा बाईंच्या नावाच्या व्यासपीठावर मी काय बोलावं, हा प्रश्न मलाही पडला. मग लक्षात आलं की बाई ज्या मुलांना शोधत फिरायच्या, त्यांतली बरीच मुलं मला रोज सकाळी दिसत होती. ती साईटवर होती.

आजचा विषय बांधकामाची यंत्रं आणि मुलं हा आहे. विषय दुःखाचा आहे, पण सुरुवात दुःखापासून करायला नको.

जेसीबी बघायला आवडत नाही असं मूल माझ्या पाहण्यात नाही. गल्लीत ड्रेनेजचं काम निघालं की आजोबा नातवाला कडेवर घेऊन जेसीबी दाखवायला जातात, आणि वरणभाताचे चार घास त्या जोरावर पोटात जातात. मोठी माणसंही काही मागे नाहीत. २०१९च्या मे महिन्यात जेसीबीचं खोदकाम बघणाऱ्या गर्दीवरून सबंध देशाने विनोद करून घेतले. आपल्या महाराष्ट्रात तर या यंत्राला आता मिरवणुकीतला मान आहे. पुढाऱ्याचं स्वागत असो, आरक्षणाचा मोर्चा असो की ग्रामपंचायतीचा निकाल असो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेसीबी उभे राहतात, बकेटमध्ये चार-पाच जण चढतात आणि वरून फुलं नाहीतर गुलाल उधळतात. ती बकेट माती उचलायला बनवली आहे, माणसं उचलायला नाही. तिला ना कठडा, ना धरायला दांडी. आणि तिच्या बरोबर खाली, पाकळ्या झेलायला, सर्वांत पुढे लहान मुलं असतात. उचललेल्या बकेटखाली कुणीही उभं राहायचं नाही, हा या यंत्राचा पहिला नियम. नेमकं तिथेच उभं राहण्यात मौज असते, असं आपण गावाच्या साक्षीने मुलांना शिकवतो आहोत. त्याच मुलावर दुसऱ्या दिवशी ‘ए, लांब हो’ म्हणून ओरडून काय उपयोग?

मुलाला यंत्र ओढून घेतं, ही गोष्ट कायद्याने फार पूर्वी हेरलेली आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात रेल्वे इंजिनाचं तोंड फिरवण्यासाठी एक मोठी फिरती तबकडी होती. तिला कुलूप नव्हतं, भोवती कुंपण नव्हतं. मुलं तिच्यावर बसून गरगर फिरायची. सहा वर्षांच्या एका मुलाचा पाय त्यात चिरडला. कंपनीचं म्हणणं, जागा आमची, मुलगा न विचारता आला, आमचा काय संबंध? प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८७३ साली न्यायालयाने मुलाला मिळालेली भरपाई कायम केली. मुलं इथे खेळायला येणार हे दिसत होतं, तबकडीला कुलूप घालणं सोपं होतं, आणि ते घातलं नाही. हा हलगर्जीपणाच. ब्रिटनच्या १९५७च्या कायद्यात तर सरळ लिहिलेलं आहे की ज्याच्या ताब्यात जागा आहे, त्याने मुलं मोठ्या माणसांइतकी सावध नसणार हे गृहीतच धरलं पाहिजे.

हे तत्त्व मला मोलाचं वाटतं. पण आपल्या कामाला ते अर्धंच पुरतं. त्या खटल्यातलं मूल बाहेरून आत आलेलं आहे. ते शेजारच्या घरात राहतं, कुंपणाला फट दिसली म्हणून शिरतं. अशा मुलासाठी उपाय म्हणजे चांगलं कुंपण, बंद फाटक आणि जागता रखवालदार. हा उपाय आपल्या शहरांत बऱ्यापैकी होतो. रस्त्यालगत उंच पत्रे ठोकलेले असतात, त्यांवर स्विमिंग पूलची चित्रं असतात, फाटकावर वॉचमन असतो. प्रश्न त्या पत्र्यांच्या आतला आहे, कारण आपलं मूल आतच राहतं.

ते तिथे कसं येतं, हे या सभागृहातल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. मुकादम गावाकडून माणसं आणतो ती जोडीने. नवरा सेंट्रिंगवर किंवा गवंड्याच्या हाताखाली, बायको घमेली वाहायला. नांदेड-लातूरकडची जोडपी असतात, कलबुर्गी-यादगीरची असतात, छत्तीसगड, बिहार, बंगालमधली असतात. गावात म्हातारी सासू असली तर मोठं पोर तिच्याजवळ राहतं, धाकटी दोन बरोबर येतात. साईटच्याच एका कोपऱ्यात पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी राहते. तीच त्यांची वस्ती आणि तेच त्या मुलांचं अंगण. खोलीच्या दारातून बाहेर टाकलेलं पाऊल डंपरच्या वाटेवर पडतं.

आणि फाटकावर पाटी असते, ‘अठरा वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही’. पाटी नियमाला धरून आहे. तिच्या मागे दोरीवर झबली आणि फ्रॉक वाळत असतात. मी आज जे सांगायला उभा आहे ते या दोन गोष्टींच्या मधलं आहे. कागदावर साईटवर मूल नाही. म्हणून त्याच्यासाठी जागा नाही, वाट नाही, माणूस नाही, पैसा नाही. तपासणीला कुणी येणार असलं की मुलांना तासभर खोलीत कोंडून ठेवा म्हणून निरोप जातो. मूल आहे असं लिहिलं तर जबाबदारी येते, नाही असं लिहिलं तर फक्त अपघात येतो, आणि अपघाताचा विमा काढलेला असतो. शब्द कडक वाटले तरी हिशेब हाच आहे.

पुण्यातल्या कोंढव्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. २९ जून २०१९ची पहाट. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेत कोसळली; त्या भिंतीच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. भिंतीबरोबर वर उभ्या असलेल्या मोटारीही खाली आल्या. पंधरा माणसं गेली, त्यांत चार मुलं. बहुतेक बिहारमधली. तीन दिवसांनी आंबेगावात तशीच भिंत मजुरांच्या खोल्यांवर पडली आणि सहा जण गेले. पुढे चौकशी, निलंबन, गुन्हे हे सगळं झालं. अभियंता म्हणून मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. भिंत का पडली याची तांत्रिक कारणं असतात: मागे मुरलेलं पाणी, पाणी जायला भोकं नसणं, पायालगत केलेली खोदाई. पण माणसं तिथेच का झोपलेली होती, हे तांत्रिक कारण नाही. साईटच्या नकाशात सिमेंटच्या गोदामाची जागा ठरवलेली असते, सळई कापायची जागा असते, काँक्रीटच्या गाडीला वळायला किती जागा लागेल हे आखलेलं असतं. सिमेंटला ओल लागू नये म्हणून आम्ही फार विचार करतो. माणसांच्या खोल्या उरलेल्या जागेत बसतात, आणि उरलेली जागा बहुधा भिंतीच्या कडेची किंवा खड्ड्याच्या काठाची असते.

आता यंत्राच्या ऑपरेटरच्या खुर्चीत थोडा वेळ बसू. ही गोष्ट मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण अपघात झाला की जमाव पहिला हात त्याच्यावरच टाकतो.

आपल्याकडे सर्रास दिसणारं पोकलेन वीस टनांच्या आसपासचं असतं. ऑपरेटरची केबिन डावीकडे. उजव्या हाताला लोखंडी बूम. ती बूम खाली असली की उजवीकडची जवळजवळ सारी जमीन तिच्याआड जाते. पाठीमागे तोल सांभाळायला कित्येक टनांचं वजन बसवलेलं असतं, त्यामागचं काही दिसत नाही. हे यंत्र जागच्या जागी पाचेक सेकंदांत पूर्ण गिरकी घेतं. आडवं वळलं की मागचं वजन साखळीच्या बाहेर सव्वा मीटरच्या आसपास येतं. साखळीपासून दोन पावलं लांब उभं असलेलं मूल आपण लांब आहोत असं समजतं, आणि त्याच्या नजरेने ते बरोबरच असतं. यंत्र जागचं हललेलंच नसतं. मागे भिंत किंवा मातीचा ढीग असला तर सुटायला वाट राहत नाही.

जेसीबीची तऱ्हा वेगळी. खोदताना ऑपरेटर खुर्ची फिरवून मागे तोंड करून बसतो. खोदणं संपलं की यंत्राचे टेकूचे पाय उचलतो, खुर्ची पुढे फिरवतो, समोरची बकेट वर घेतो आणि निघतो. इतका वेळ त्याच्या पाठीमागे कोण येऊन बसलं होतं हे त्याला कळायला मार्ग नसतो, आणि आता बकेटच त्याच्या नजरेआड येते. हायवा डंपरची काच इतकी उंच असते की बंपरला टेकून उभं असलेलं मीटरभर उंचीचं मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. आरसे असतात, पण त्यांवर धूळ असते. पूर्वी ट्रकबरोबर क्लीनर असायचा. तो मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचा आणि पत्र्यावर थाप मारून थांबवायचा. खर्च वाचवायला पुष्कळ गाड्यांवरचा क्लीनर गेला. पैसे खेपेवर मिळतात म्हणून ड्रायव्हरला घाई. दिवसा अवजड गाड्यांना शहरात बंदी, म्हणून खडी, माती, काँक्रीट रात्री येतं, म्हणजे खोल्यांमधली माणसं झोपलेली असताना. त्यात उन्हाळा असला तर माणसं पत्र्याखाली झोपत नाहीत, बाहेर झोपतात.

उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता साईटवर सावली कुठे असते? झाडं आधीच तोडलेली असतात. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते. सावली असते ती उभ्या असलेल्या डंपरखाली. आई तिथे गोधडी पसरून पोराला निजवते आणि घमेलं उचलते. तिचा हिशेब चुकीचा नसतो, गाडी जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलेली असते. सुट्टी संपते.

मागे जाताना वाजणारा भोंगा असतो की, असं कुणी म्हणेल. असतो. साईटवर एकाच वेळी चार गाड्या मागे-पुढे होत असतात आणि दिवसभर भोंगा वाजत असतो. जन्मल्यापासून तो आवाज ऐकणारं मूल त्याने दचकत नाही. त्याच आवाजात ते झोपी जातं.

दसऱ्याला आमचे ऑपरेटर यंत्र धुतात, हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबं ठेवतात. मला या पूजेचं कौतुक आहे. रोजी देणाऱ्या वस्तूला नमस्कार करावा असं वाटणं चांगलंच. माझी मागणी एवढीच की वर्षातून एकदा हार घालण्याबरोबर रोज, प्रत्येक वेळी, किल्ली फिरवण्याआधी यंत्राला एक प्रदक्षिणा घालावी. खाली वाकून, चाकांमध्ये बघत. एक मिनिट लागतं. एका साईटवर आम्ही हा नियम केला, तेव्हा ऑपरेटर हसले. मग त्यांच्यातल्याच एका जुन्या माणसाने तो मनावर घेतला आणि बाकीच्यांना लाजेने घ्यावा लागला. मात्र ऑपरेटरच्या सावधपणावर सगळं सोपवून ठेकेदाराने मोकळं व्हावं, हे मला मान्य नाही. माणूस थकतो. खरा उपाय गाडीची वाट आणि मुलांची वाट वेगळी करणं हा आहे, आणि तो कामाला सुरुवात होण्याआधी कागदावर करायचा असतो.

यंत्राशिवायचे धोके तुम्हाला माहीत आहेत, ते मी भराभर सांगतो. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर झाकण नसतं. प्लायचा तुकडा टाकलेला असतो. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचतं आणि ते डबक्यासारखं उथळ दिसतं. डक्टला वरपर्यंत कठडा नसतो. विजेच्या तारांचे सांधे चिकटपट्टीवर असतात. दीड मीटरपेक्षा खोल चर असला तर त्याच्या कडांना आधार द्यावा, असं भारतीय मानक सांगतं, आणि एका दिवसाचंच काम आहे म्हणून तो दिला जात नाही.

वाळूच्या ढिगाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण तो धोका कुणाला धोका वाटतच नाही. मुलं वाळूत खेळणारच. एक घनफूट वाळू पंचेचाळीस किलोच्या घरात जाते, सहा वर्षांच्या पोराच्या वजनाच्या दुप्पट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साडेचार टन. ओली वाळू जेसीबीने खालून उचलली की ढिगाला उभी कड तयार होते आणि काही काळ ती तशीच टिकते. ऊन लागून ती सुकली की बसते. मुलं नेमकी त्या कडेखाली बोगदा खणत असतात. संध्याकाळी काम संपताना ढिगाची उभी कड मोडून उतार करून ठेवायला जेसीबीला पाच मिनिटं लागतात.

अशा अपघाताची बातमी वाचा. त्यात ‘खेळता खेळता’ हे शब्द हमखास असतात. खेळता खेळता टाकीत पडून, खेळता खेळता चाकाखाली येऊन. वाक्यात मूल असतं, टाकी असते. टाकी उघडी ठेवणारा नसतो. आणि पुढच्या परिच्छेदात आईवडील कामात असल्याचा उल्लेख येतो. ते कामात नसते तर तुमची इमारत कुणी बांधली असती? दहाव्या मजल्यावर घमेलं घेऊन चढणाऱ्या बाईला तळमजल्यावरच्या पोराकडे लक्ष द्यायला सांगणं, हा सुरक्षेचा सल्ला म्हणता येत नाही. मग लक्ष कोण देतं? सात वर्षांची बहीण. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. तिलाही कुणीतरी सांभाळायला हवं, हे कुणाच्या हिशेबात नाही.

मुलांना शिकवा, त्यांना धोके समजावून सांगा, असा एक सूर नेहमी निघतो. शिकवू नये असं मी म्हणत नाही. पण स्वीडनमध्ये स्टीना सँडेल्स या संशोधिकेने १९६०च्या दशकात लहान मुलं रस्त्यावर कशी वागतात याचा बारकाईने अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की लहान मुलाला रहदारीशी जुळवून घ्यायला शिकवून काम भागत नाही. रहदारी मुलाला जुळेल अशी आखावी लागते. वेग, अंतर आणि आवाजाची दिशा यांचा एकदम अंदाज घेणं त्या वयाच्या आवाक्यातच नसतं. हे डांबरी रस्त्याबद्दल झालं, जिथे निदान गाड्या ठरलेल्या दिशेने जातात. साईटवर तर आज जिथे वाट आहे तिथे उद्या खड्डा असतो.

जे लोक हे करून दाखवून गेले आहेत त्यांच्याकडे आता वळतो. गांधी जन्मशताब्दीचं वर्ष, १९६९. दिल्लीत राजघाटाजवळ शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मीरा महादेवन यांनी तिथे मजूर बायकांची तान्ही मुलं धुळीत, उन्हात पडलेली पाहिली. गांधींच्या नावाचं प्रदर्शन उभं राहतंय आणि त्याच्या पायाशी हे! त्यांनी तिथेच तंबू लावून पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये हे काम मुंबईत आलं, पुढे पुण्यात आलं, आणि आज या शहरांत स्वतंत्र संस्था ते चालवतात. या संस्थेच्या नावातच तिची युक्ती आहे. इमारत संपली की मजूर पुढच्या साईटवर जातो, तसं पाळणाघरही उठून जातं.

मुंबईत १९८८ मध्ये रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केलं, आणि लवकरच ते पुण्यातही आलं. त्यांच्या कामात बांधकामांवरची मुलं मोठ्या संख्येने आहेत. साईटवर वर्ग घ्यायचे, जवळच्या महापालिका शाळेत नाव घालायचं, आणि मूल तिथपर्यंत पोहोचेल अशी गाडीची सोय करायची. त्या बसमध्येच वर्ग भरवायची कल्पनाही त्यांनी राबवली. शिक्षणाचं काम म्हणून त्याचं कौतुक झालं आहे, रास्त आहे. मी त्याकडे सुरक्षेचं काम म्हणून बघतो. शाळेच्या बाकावर बसलेलं मूल सकाळी अकरा ते पाच डंपरच्या वाटेवर नसतं. हेल्मेट, जाळी, भोंगा यांपैकी कशाने एवढी खात्री मिळत नाही.

चांगलं पाळणाघर चाललेलं मी पाहिलं आहे. सुरुवातीला पत्र्याची शेड, क्रेनच्या फिरण्याच्या टप्प्याबाहेर. तळमजल्याचा स्लॅब होऊन त्याखालचे टेकू निघाले की पाळणाघर आत, पार्किंगमध्ये येतं. बिल्डरने द्यायचं काय तर जागा, पाणी, वीज आणि खर्चाचा वाटा. दुपारी आया येऊन अंगावर पाजून जातात. मुलांची वजनं होतात, लसी टोचल्या जातात. आणि ठेकेदार खाजगीत कबूल करतात की त्या साईटवर बायकांचे खाडे कमी होतात. सगळ्या आकड्यांत हा आकडा त्यांना सर्वांत पटतो, तर पटू द्या.

कायदा काय म्हणतो? १९९६चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा म्हणाला की जिथे पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार आहेत, तिथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली हवी, तिच्यात उजेड-वारा हवा, सांभाळायला प्रशिक्षित बाया हव्यात. कलम चांगलं होतं. पण साईटवर खोदाईचा ठेका एकाला, सेंट्रिंगचा दुसऱ्याला, प्लास्टरचा तिसऱ्याला. प्रत्येकाच्या हजेरीपुस्तकात बायका पंधरा-वीस. पन्नासाचा आकडा कुणाच्याच वहीत गाठला जात नाही. काही बायकांची नावं तर वहीतच नसतात, नवऱ्याच्या नावावर जोडीची हजेरी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली आहे. तिच्यात हा पन्नासाचा आकडा महिलांचा न राहता एकूण कामगारांचा झाला. हा बदल मला मोठा वाटतो, कारण मूल फक्त आईचं नसतं हे त्यात मान्य झालं. ठेक्यांच्या वाटण्या करून आकडा चुकवायची खोड मात्र त्याने आपोआप जाणार नाही.

त्याशिवाय वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीपत्रांत एक ठराविक अट असते: मजुरांच्या निवासाची सोय करावी, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि पाळणाघर यांसह. म्हणजे मोठ्या साईटवर मूल असणार हे एका सरकारी कागदाला माहीत आहे, आणि फाटकावरच्या पाटीला माहीत नाही. 

पैसा नाही असंही नाही. बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो. आपल्या राज्यात त्यासाठीचं मंडळ २०११ मध्ये झालं. त्यातून मजुरांना भांड्यांचे संच, सुरक्षा पेट्या, शिष्यवृत्त्या मिळतात. भांडी मिळाल्याचं दुःख कुणाला नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की या पैशावर पहिला हक्क साईटवरच्या पाळणाघराचा असायला हवा. भांड्यांच्या वाटपाचा फोटो छान येतो, पाळणाघर रोज चालवावं लागतं.

खेडेगावाकडून आलेल्या श्रोत्यांना वाटेल की हे शहराचं दुखणं आहे. तसं नाही. पोकलेन आता शिवारात पोहोचलं आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि तळी झाली, पिकं वाचली, त्याबद्दल दुमत नाही. पण तीन मीटर खोल खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर लावलं की ओल्या उतारावर पाय ठरत नाही. पोहणारा गडीसुद्धा बाहेर येऊ शकत नाही, मुलाचं काय. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवले आणि तारेचं कुंपण घातलं तर खर्च तळ्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. बोअरवेलचं तर सगळं लिहून ठेवलेलं आहे. २००६ मध्ये हरियाणात पाच वर्षांच्या मुलाला बोअरमधून दोन दिवसांनी जिवंत काढलं, सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसून होता. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: खोदण्याआधी पंधरा दिवस कळवा, काम चालू असताना कुंपण घाला, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करा, तोंडावर पोलादी झाकण वेल्डिंग करून बसवा, पाणी लागलं नाही तर भोक तळापासून वरपर्यंत भरून टाका. आपल्या गावात किती कोरडे बोअर गोणपाट आणि दगडाने झाकलेले आहेत, ते ज्याचं त्याने उद्या जाऊन मोजावं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो या सभागृहात बसलेल्यांसाठी आहे. आज पुण्या-मुंबईत आणि आता आपल्यासारख्या गावांतही जुन्या सोसायट्यांचं पुनर्विकासाचं पर्व चालू आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण अशा सोसायट्यांचे सभासद आहात, काही जण समितीवर आहात. बिल्डरशी करार करताना तुम्ही वाढीव चटईक्षेत्रासाठी भांडता, भाड्यासाठी, कॉर्पससाठी, बँक गॅरंटीसाठी भांडता. टाइल्सचा ब्रँड करारात लिहून घेता. त्या क्षणी तुमच्या हातात जेवढी ताकद असते, तेवढी कामगार निरीक्षकाच्या हातातही नसते. ती जागा तुमची आहे, आणि तिथे जन्माला येणाऱ्या इमारतीच्या कोपऱ्यात दोन-तीन वर्षं कुणाची तरी मुलं राहणार आहेत.

म्हणून मागणी अशी आहे. कराराला साईटचा नकाशा जोडून घ्या. त्यात मजुरांच्या खोल्या कुठे असतील ते दाखवलेलं असू द्या, भिंतीपासून आणि खोदाईच्या काठापासून लांब. खोल्यांपासून फाटकापर्यंत मुलांची वेगळी, कुंपण घातलेली वाट त्यावर असू द्या. पाळणाघराची जागा दाखवा, ते कोण चालवणार आणि खर्च कोण देणार हे लिहा. कामगार पन्नास असोत की वीस. उघडी टाकी, उघडा डक्ट दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार तुमच्या सल्लागार अभियंत्याला द्या, आणि त्याने तो वापरला तर त्याच्या पाठीशी उभे राहा. माझ्यासारख्या अभियंत्यांना हा अधिकार कागदावर कमी वेळा मिळतो, आणि पाठिंबा त्याहून कमी.

या मागण्यांच्या मसुद्याची एक प्रत मी संयोजकांकडे ठेवली आहे. ज्यांच्या सोसायटीचा करार अजून व्हायचा आहे, त्यांनी ती घेऊन जावी आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालावा. सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन नावं लागतात, त्यातलं एक तुमचं असावं.